पाहुणी पाखरं – ८ : धोबी आला, थंडी कुठाय?

मागच्या आठवड्यात आपण चातकाला निरोप दिला. तेव्हापासून भेटेल तो एकच विचारतोय, ‘हिवाळी पाहुणे कधी येणार?’ थंडी पडली की, हे उत्तर सगळ्यांनी मनात धरलेलं. पण त्यातले बरेचसे येऊन बसलेसुद्धा. पुण्यात अजून पंखे बंद झालेले नाहीत आणि आमच्या ओढ्याकाठी करडा धोबी सप्टेंबरपासूनच शेपूट आपटत फिरतो आहे.

इथल्या थंडीशी त्याला काही देणंघेणं नाही. हिमालयात आणि त्याच्याही उत्तरेला दिवस आखडू लागला की पाखराच्या अंगातलं घड्याळ हलतं. ते अधाशासारखं खातं, कातडीखाली चरबी साठवतं. रात्री उडणाऱ्या जातींचं पाखरू पिंजऱ्यात असलं तरी या दिवसांत रात्रभर फडफडत राहतं. किडे पुरते संपेपर्यंत थांबलं तर प्रवासाला बळ कुठून आणायचं?

धोब्याच्या नावाचं कोडं सोपं आहे : शेपूट सारखं वर-खाली, दगडावर धुणं आपटल्यागत. काही गावांत त्याला परीटही म्हणतात. ओळखताना मात्र घोळ होतो. करड्या धोब्याचं पोट चक्क पिवळं असतं, त्यामुळे नवखा माणूस त्याला पिवळा धोबी म्हणून वहीत टिपतो. (मीही टिपला होता, दोन हिवाळे.) पोट सोडा, पाठ बघा. पाठ राखाडी आणि जागा वाहत्या पाण्याकाठची असेल, तर करडा. पाठ हिरवट आणि जागा ओल्या शेताची किंवा गुरांच्या पायाशी, तर पिवळा. पांढरा धोबी मैदानात, हिरवळीवर धावताना दिसतो. आणि ‘आमच्याकडे तर बारा महिने असतो’ असं कुणी म्हणालं, तर तो मोठा धोबी : काळा-पांढरा, डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई. तो इथलाच, कुठे जात नाही.

आमच्या पार्किंगमध्ये एक पांढरा धोबी सकाळी स्कूटरच्या आरशातल्या धोब्याशी भांडतो. हसू येतं, पण त्याच्या लेखी ती जागा त्याची आहे. सालिम अलींनी मुंबईच्या उपनगरात आपल्या हिरवळीवर उतरणाऱ्या एका करड्या धोब्याच्या पायात कडी घातली होती. पुढे काही वर्षं तोच पक्षी हिवाळ्यात त्याच हिरवळीवर परतत राहिला. उन्हाळा डोंगरात काढून एवढ्या पसाऱ्यातून नेमका तोच तुकडा! सूर्य, तारे, पृथ्वीचं चुंबकत्व अशा खुणांवर पक्षी दिशा धरतात हे आता माहीत आहे, तरी त्या चिमूटभर हिरवळीपाशी माझी बुद्धी अडखळते.

धोब्यामागून थिरथिरा येतो. कुंपणाच्या भिंतीवर बसून तांबूस शेपूट थरथरवणारा. नर काळा असतो म्हणून शोधायला जाल तर फसाल. नव्या पिसांच्या कडा फिक्या असल्यानं तो सध्या धुरकट दिसतो. हिवाळाभर त्या कडा झिजतात आणि परतायच्या सुमारास आतला काळा रंग उघडा पडतो.

५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह. एका टोकाला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, दुसऱ्या टोकाला सालिम अलींचा. त्या निमित्तानं भिगवणला गाड्यांची रांग लागते आणि पुष्कळ जण हिरमुसून परततात. उजनी काठोकाठ भरलेली असताना रोहित आणि टिलवे उभे कुठे राहणार? त्यांना पाणी ओसरून उघडा पडलेला चिखल हवा. नावाडी हे नेमकं सांगतात, पण गिऱ्हाईक दारात आल्यावर विचारतं. आत्ताच जायचं तर नांदूर मध्यमेश्वर बरं. तिथं जुन्या बंधाऱ्यामागे गाळ साचून पाणथळ उथळ झाली आहे. बदकं भरपूर, दैव असेल तर चक्रवाकाची केशरी जोडीही.

भोरड्यांचं काय, असं विचारणारं पत्र सोलापूरकडून आलं आहे. त्या तर धोब्याच्याही आधी, पावसाळ्यातच येऊन टेकतात. ज्वारीच्या रानात गोफण फिरायला लागते ती त्यांच्यामुळेच. पुढचा लेखांक त्यांचा.