आधी कान, मग कॅमेरा

सई परांजपे यांच्यावरचे लेख बहुधा ‘स्पर्श’ किंवा ‘चश्मे बद्दूर’ या चित्रपटांपासून सुरू होतात. त्याआधीची पुणे आकाशवाणीवरची वर्षे एका वाक्यात उरकली जातात. मला हे फार खटकते. त्यांच्या दिग्दर्शनाचे मर्म त्या स्टुडिओतच घडले, असे माझे ठाम मत आहे.

पुणे केंद्र 1953 साली सुरू झाले. तिथे सईंनी निवेदिका म्हणून काम केले, मुलांचे कार्यक्रम केले. घर तसे असाधारणच. आजोबा रँग्लर र. पु. परांजपे. आई शकुंतलाबाई संततिनियमनाच्या खंद्या प्रचारक, पुढे राज्यसभेच्या सदस्य. व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’ चित्रपटातही त्यांनी काम केलेले. वडील रशियन चित्रकार. आजोबा ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर होते, तेव्हा सईंचे बालपणही काही काळ तिथे गेले. आठव्या वर्षी सईंचे ‘मुलांचा मेवा’ हे पुस्तक छापून आले. अशा घरात शब्दांची कमतरता नव्हती. पण छापील शब्द आणि बोललेला शब्द यांत अंतर असते, आणि ते रेडिओ शिकवतो. श्रोत्याला चेहरा दिसत नाही, कपडे दिसत नाहीत. पात्र पहिल्याच वाक्यात ओळखू आले पाहिजे. एक वाक्य लांबले की ऐकणारा उठून गेलाच. त्यात समोर मुले असतील तर अधिकच कसोटी, कारण मुले भिडेखातर ऐकत नाहीत.

पुढे दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली शिक्षण झाले, 1963 साली पदविका मिळाली आणि मग दूरदर्शन. ‘द लिटल टी शॉप’ हा 1972चा लघुपट तेहरानमध्ये आशियाई प्रसारण संघाचा पुरस्कार घेऊन आला. बालचित्र समितीसाठी ‘जादू का शंख’ आणि ‘सिकंदर’ झाले.

आता ‘स्पर्श’कडे पाहा. अंधशाळेचा मुख्याध्यापक अनिरुद्ध डॉक्टरांचे घर शोधत निघाला आहे. वाटेत एका घरातून एका बाईचे गाणे ऐकू येते, आणि तो तिथेच थबकतो. पुढे एका समारंभात तीच बाई बोलते आणि तो तिला केवळ आवाजावरून ओळखतो. नायक-नायिकेची पहिली भेट म्हणजे नजरानजर, हा आपल्या सिनेमाचा जुना परिपाठ. इथे तो चालणारच नव्हता. तरीही दृष्टिहीन माणसाचे प्रेम दाखवताना सईंनी ना पार्श्वसंगीताचा पूर ओतला, ना दयेचा. अनिरुद्धला मदत नको आहे; हॉटेलात त्याच्यासाठी कुणी धडपड केली की त्याचा स्वर धारदार होतो. नसीरुद्दीन शाह यांनी राग चेहऱ्यापेक्षा आवाजात ठेवला आहे. एकदा डोळे मिटून हा चित्रपट ऐकावा, फारसे काही हुकत नाही. 1979च्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट, नसीरना अभिनय आणि सईंना पटकथा असे तिन्ही मान मिळाले.

शाळेच्या प्रसंगांत खऱ्या अंधशाळेतली मुले आहेत. त्यांना ‘अभिनय कर’ असे सांगितल्याचा भास कुठेही होत नाही. मुलांशी कसे बोलायचे, हे दिग्दर्शिकेला मुळातच ठाऊक होते.

‘चश्मे बद्दूर’ (1981) हा तर थापांचा चित्रपट. ओमी आणि जय आपल्या मित्राला, सिद्धार्थला, आपापल्या पराक्रमाच्या गोष्टी ऐकवतात आणि पडद्यावर हिंदी सिनेमाची टर उडते. सगळी मौज सांगण्याच्या ढंगात आहे. पानवाला लल्लन मियाँ उधारीसाठी बोलतो ते उर्दू, चम्को पावडर विकायला आलेल्या नेहाचे पाठ केलेले शब्द, सिद्धार्थचे अडखळणे: प्रत्येकाची बोली स्वतंत्र. ‘कथा’ (1983) शं. गो. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या मराठी नाटकावर बेतलेला. त्यात बाशूच्या जिभेवर साखर आणि राजारामच्या तोंडून शब्दच फुटत नाही. चाळ बोलक्यावर भाळते, सज्जनाकडे दुर्लक्ष करते. हा विषय इतक्या नेमकेपणाने मांडायला बोलण्याची ताकद आणि तिचा धोका दोन्ही जाणणारी व्यक्तीच हवी होती.

‘दिशा’ (1990) मला त्यांचे सर्वांत मोलाचे काम वाटते, आणि सर्वांत कमी चर्चा त्याचीच होते. दुष्काळी गावातून मुंबईच्या गिरणीत येणारी माणसे, आणि गावात वर्षानुवर्षे विहीर खणत राहणारा ओम पुरींचा परशराम. इथे विनोद जवळजवळ नाही, पण माणसांना त्यांच्या बोलीसकट उभे करण्याची हातोटी तीच.

‘साज’साठी (1997) जे संगीतकार निवडले, त्यांत यशवंत देव होते, ज्यांची उमेदीची वर्षे आकाशवाणीत गेली. मला ही निवड योगायोगाची वाटत नाही.

2013च्या एप्रिलमध्ये ‘चश्मे बद्दूर’ची नवी रूपांतरित आवृत्ती आली, त्याच दिवशी मूळ चित्रपटही दुरुस्त प्रतीसह पुन्हा प्रदर्शित झाला. चित्रपटाची फिल्म सांभाळता येते, दुरुस्त करता येते. आकाशवाणीवरचे जे कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाले नाहीत, ते ऐकणाऱ्यांच्या आठवणीतच उरले. ते ऐकत वाढलेल्या पिढीच्या आठवणी आता तरी कुणी नोंदवून घ्यायला हव्यात. सईंनी ‘सय’ या आत्मकथनात आपल्या बाजूने सांगितले आहे, श्रोत्यांची बाजू अजून बाकी आहे.