दुखणे सांगा, रिपोर्ट जपा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या आपल्या वस्त्यांना सिकलसेल नवा नाही. बौद्ध, गोंड, माडिया, परधान अशा समाजांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तरी कोणी विचारले की, "अंगात रक्त कमी आहे," एवढेच सांगून विषय संपवला जातो. भीती असते ती मुलामुलींच्या लग्नाची.

मग हाच रुग्ण रुग्णांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सारे मोकळेपणाने का सांगतो? रात्री सांधे, पाठ, छाती ठणकू लागते तेव्हा शेजाऱ्याला ते सोंग वाटते. ज्याने तीच कळ सोसली, त्याला ती समजावून सांगावी लागत नाही. शिवाय कामाची माहिती मिळते. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या कुठे आल्या, रक्त कुठे मिळेल, दिव्यांग प्रमाणपत्राला कोणते कागद लागतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. हे ठाऊक नसलेला रुग्ण हक्काला मुकतो.

बोलण्याचे बळ नागपूरच्या संपत रामटेके यांनी दाखवून दिले. मुलाच्या आजारानंतर ते गप्प बसले नाहीत. त्यांनी रुग्णांना आणि पालकांना एकत्र आणून त्यांच्या उपचारासाठी व हक्कांसाठी काम केले. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण मोबाईलवरचे बोलणे वस्तीतल्या ओट्यावर थांबत नाही. मुलीच्या नावाचा रिपोर्ट एकाने पुढे पाठवला की तो सोयऱ्यांपर्यंत जातो आणि परत घेता येत नाही. म्हणून अनुभव सांगा. नाव, फोटो, आधार क्रमांक आणि रिपोर्ट टाकू नका. मुलगी समजती झाली असेल तर आधी तिला विचारा. आजार तिचा आहे, सांगायचे की नाही हेही तिनेच ठरवावे.

"मुळापासून बरा करतो" असे मेसेजही येतात. ऐकीव गोष्ट पारखूनच स्वीकारावी, ही कालाम सुत्ताची शिकवण इथे उपयोगी पडते. ग्रुपवर कोणी सांगितले म्हणून गोळ्या बंद करू नका. ताप आला, छातीत दुखले किंवा दम लागला तर उत्तराची वाट न पाहता दवाखाना गाठा.

सिकलसेल हे पाप नाही, मागच्या जन्माचे फळही नाही. तो आईवडिलांकडून जनुकांतून येतो. वाहकाला गंभीर मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाच्या मुलखात तो टिकून राहिला. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणून लग्नाआधी दोघांचीही रक्ततपासणी हवी, एकट्या मुलीची नव्हे.

16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. जन्मावरून माणसाला हीन ठरवणे आपण तेव्हाच नाकारले. मग जन्मासोबत आलेल्या आजाराची लाज कशाला? वस्तीच्या विहारात यावर उघड बोलणे सुरू झाले, तर रुग्णाला अनोळखी लोकांत आधार शोधावा लागणार नाही.