वासराला चीक, मग लेकराला का नको?

सदर (नागपूर) : शेतकरी बंधूंनो, गाय व्याली की तुम्ही काय करता? जाणता शेतकरी वार पडायची वाट पाहत नाही. तासाभरात वासराला चीक पाजतो. चीक चुकला तर वासरू हगवणीने हातचे जाते, हे त्याला ठाऊक असते. खरवस होतो तो उरलेल्या चिकाचा! पण त्याच घरात सून बाळंत झाली की तिचे पहिले पिवळसर दूध ‘खराब’ म्हणून पिळून टाकतात आणि लेकराच्या तोंडात मधाचे बोट जाते. हे कसे?

बाईचे ते पिवळे दूध म्हणजेही चीकच. रोगाशी लढणारे घटक त्यात भरपूर असतात. मध मात्र वर्षाच्या आतील बाळाला धोक्याचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेली बाळे निम्म्याहून थोडीच जास्त निघाली.

‘दूधच उतरले नाही,’ असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात. पहिल्या दिवशी बाळाचे पोट गोटीएवढे असते. त्याला एका वेळी चमचाभर चीक पुरतो. भरपूर दूध दोन-चार दिवसांनी उतरते आणि बाळ जितके ओढेल तितके वाढते. वरचे दूध सुरू केले की बाळ कमी ओढते आणि मग दूध खरेच आटते. पुष्कळ बायांना हे माहीत असते, पण बाळंतिणीचे ऐकतो कोण?

सहा महिने आईचे दूध, बाकी काही नाही. घुटी नको, पाणीही नको. आपल्याकडचा मे महिना असला तरी नको, कारण त्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असते. बाळ दिवसातून सहा वेळा लघवी करते ना? मग दूध पुरते आहे. सहा महिन्यांनंतर मऊ वरणभात, खिचडी द्या आणि दोन वर्षांपर्यंत अंगावरचे दूधही चालू ठेवा.

खरी अडचण मजुरीची. निंदणाला, कापूस वेचायला बाई महिन्या-दोन महिन्यांत जाते आणि लेकरू घरी बाटलीवर राहते. दूध स्वच्छ वाटीत काढून, झाकून, थंड जागी ठेवता येते. पण चार तासांच्या आत, उन्हाळ्यात त्याहून लवकर, वाटी-चमच्याने पाजावे. बाटली नकोच. लेकरू बांधावर आणू द्या, सावलीला पाळणा बांधू द्या. पाजायला गेलेल्या वेळेची मजुरी कापू नका, एवढे तर आपल्या हाती आहे!

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही लक्ष घालावे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच मुले आली तर ती सांभाळायला एक बाई मजुरीवर नेमण्याची तरतूद झाली होती. ती आपल्या गावात किती कामांवर दिसली, आठवून पाहा. १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात करायला आणि डब्यावर बाळाचे चित्र छापायला बंदी आहे. ही बंदी का घालावी लागली, तेही ग्रामसभेत सांगा.

पुढच्या ग्रामसभेत आशाताई आणि अंगणवाडीताईंना दहा मिनिटे बोलू द्या. आणि हो, त्या दिवशी सासवांना नि गडीमाणसांना पुढच्या रांगेत बसवा!