जगबुडीची तारीख आणि परीक्षेचा फॉर्म

धर्माबादला राहत असाल, तर काही तारखा तुम्हाला पाठ असतीलच. 1 जुलैला बाभळी बंधाऱ्याचे 14 दरवाजे वर जातात आणि 28 ऑक्टोबर उलटला की खाली येतात. पाऊस पडो न पडो, सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये ठरवून दिलेली ही तारीख काही हलत नाही. मिरचीचा हंगाम ठरलेला, सोयाबीनची काढणी ठरलेली, आणि परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख तर कॉलेजच्या बोर्डावर लटकलेलीच असते.

2025 च्या सप्टेंबरमध्ये माझ्या एका मैत्रिणीच्या मोबाइलमध्ये आणखी एक तारीख येऊन पडली. 23 सप्टेंबर. त्या दिवशी, फार तर 24 ला, येशू येणार आणि आपल्या लोकांना वर घेऊन जाणार. दक्षिण आफ्रिकेतल्या जोशुआ म्हलाकेला नावाच्या माणसाने एका मुलाखतीत सांगितलं की, येशूने स्वप्नात येऊन आपल्याला ही तारीख दिली. तो व्हिडिओ जगभर फिरला. टिकटॉक आपल्याकडे 2020 पासून बंद आहे, पण तिथलं सगळं इन्स्टा आणि यूट्यूबवरून आपल्यापर्यंत येतंच. कोणी गाडी विकल्याचा व्हिडिओ टाकला, कोणी नोकरी सोडल्याचा. हजारो लोकांनी त्यावर मीम्सही केले. तुम्हीही एखादं फॉरवर्ड केलं असेल. मीही केलं होतं.

माझी मैत्रीण मात्र हसत नव्हती. ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, आई प्रार्थनेला जाणारी, वडील मिरचीच्या अडतीवर हमाली करणारे. (नाव छापू नको म्हणाली, म्हणून छापत नाही.) परीक्षेच्या फॉर्मचे पैसे वडिलांनी तिच्या हातात दिले होते. तिने ते पुस्तकात घालून ठेवले आणि फॉर्म भरलाच नाही. मी फोनवर विचारलं, “फॉर्म भरलीस का?” तर म्हणाली, “भरून काय करू? परीक्षा द्यायला मी असंन का?”

तेव्हा मला कळलं, की ज्या गोष्टीवर आपण मीम करतोय ती आपल्याला नीट माहीतच नाही. म्हणून ही गोष्ट आधी समजून घेऊ. ती मानायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

‘उचललं जाणं’ म्हणजे काय?

इंग्रजीत याला रॅप्चर म्हणतात. आपल्याकडच्या मराठी मंडळ्यांमध्ये ‘मंडळीचं उचललं जाणं’ असा शब्द आहे. धर्माबाद तेलंगणाच्या सीमेवर, त्यामुळे इथे तेलुगू प्रवचनंही ऐकली जातात. त्यांत उचललं जाण्याला ‘एत्तबडुट’ आणि येशूच्या येण्याला ‘राकड’ म्हणतात. 

याचा मुख्य आधार आहे पौलाने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र. ते साधारण इसवी सन 50 च्या सुमाराचं. त्या मंडळीतली काही माणसं वारली होती आणि मागे राहिलेले काळजीत होते, की प्रभू येईल तेव्हा यांचं काय? चौथ्या अध्यायात पौल त्यांना धीर देतो. प्रभू येईल, मेलेले विश्वासी आधी उठतील, मग जिवंत असलेले त्यांच्यासोबत मेघांमध्ये त्याला सामोरे जातील. म्हणजे दुःखात असलेल्या माणसांचं सांत्वन म्हणून हे लिहिलं गेलं. त्यात तारीख नाही, सालही नाही.

मग भांडण कशाचं? तर हे नेमकं कधी होणार, याचं. बायबलमधल्या दानीएल आणि प्रकटीकरण या पुस्तकांवरून अनेक जण असं मानतात, की शेवटी सात वर्षांचं महासंकट येईल. उचललं जाणं त्याच्या आधी, मध्ये की नंतर, यावर तीन मतं आहेत. आपल्या गोदाकाठच्या भाषेत सांगते. पाणी वाढणार म्हटल्यावर नदीकाठच्या लोकांना आधीच शाळेत नेऊन ठेवतात, तसं पहिलं मत: संकट यायच्या आधीच देव आपल्या लोकांना काढून नेईल. दुसरं मत: पाणी अंगणात शिरल्यावर, म्हणजे मध्यावर नेईल. तिसरं मत: पूर सगळ्यांनाच सोसावा लागेल, प्रभू शेवटी येईल.

आणि चौथा गट म्हणतो, असा वेगळा टप्पाच नाही. कॅथलिक चर्च आणि जुन्या प्रॉटेस्टंट चर्चेसमधले बरेच जण असं मानतात. त्यांच्या मतांगीकारात येशू पुन्हा येईल आणि न्याय करील एवढंच म्हटलं जातं. या गटातले काही अभ्यासक पौलाच्या त्या ‘सामोरे जाण्या’साठी वापरलेल्या ग्रीक शब्दाकडे बोट दाखवतात. राजा किंवा मोठा पाहुणा शहराजवळ आला, की लोक बाहेर जाऊन त्याला घेऊन यायचे, त्याला हा शब्द होता. आपल्याकडे पालखी आली की गाव वेशीवर जातं. पण कोणी पालखीबरोबर गाव सोडून जात नाही, तिला वाजतगाजत गावात आणतात. तसंच इथेही, असं त्यांचं म्हणणं. माणसं पृथ्वी सोडून पळणार नाहीत, प्रभूच इथे येणार.

ही कल्पना इथवर आली कशी?

संकटाआधी गुपचूप उचललं जाणं, हे पहिलं मत आज रील्समध्ये सगळ्यात जास्त दिसतं. त्याला आजचं रूप आलं ते 1830 च्या दशकात, जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकामुळे. डार्बी ज्या गटात होता त्याला ब्रदरेन म्हणतात. 1909 मध्ये अमेरिकेत स्कोफिल्ड यांचं टीपांसह बायबल निघालं, त्यातून हे मत घराघरात गेलं. 1995 पासून ‘लेफ्ट बिहाइंड’ या कादंबऱ्या आल्या आणि त्यांच्या कोट्यवधी प्रती खपल्या.

आता आपल्या नदीचा संबंध बघा. याच ब्रदरेन गटातले अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज हे व्यवसायाने दंतवैद्य. ते 1833 मध्ये भारतात आले. पुढे 1836 मध्ये त्यांच्यासोबत बाउडन आणि बिअर ही दोन जोडपी इंग्लंडहून निघाली आणि आंध्रात नरसापूरला जाऊन राहिली. नरसापूर कुठे आहे? गोदावरीच्या मुखाशी. बाभळीवरून, बासरच्या सरस्वती मंदिराजवळून जे पाणी खाली जातं, ते शेवटी तिकडेच समुद्राला मिळतं. तेलुगू मुलखात ब्रदरेन मंडळ्या तिथून वाढत गेल्या. म्हणजे मैत्रिणीच्या मोबाइलमधली तारीख आफ्रिकेतून आली खरी, पण त्यामागचा विचार आपल्याच नदीच्या दुसऱ्या टोकाला जवळजवळ दोनशे वर्षांपासून आहे.

तारखा आल्या, तारखा गेल्या

तारीख सांगणारा म्हलाकेला पहिला नाही. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याने दानीएलच्या पुस्तकातल्या 2300 दिवसांचा हिशेब मांडला. त्याच्या चळवळीने शेवटी तारीख धरली 22 ऑक्टोबर 1844. काही जणांनी शेतातले बटाटे काढलेच नाहीत, कोणासाठी काढायचे म्हणून. ती रात्र सरली, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं उजाडलं. त्या दिवसाला इतिहासात ‘महान निराशा’ असंच नाव पडलं. त्या निराश लोकांमधूनच पुढे 1863 मध्ये सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट चर्च उभं राहिलं. पुण्याचं स्पायसर अॅडव्हेंटिस्ट विद्यापीठ त्यांचंच. ते येशूच्या येण्यावर आजही ठाम विश्वास ठेवतात, पण तारीख सांगत नाहीत. आणि शाळा, कॉलेजं, दवाखाने चालवतात.

दक्षिण कोरियात 28 ऑक्टोबर 1992 ही तारीख ली जँग रिमने दिली होती. लोकांनी पैसे त्याच्या चर्चला दिले. त्याच्याकडे मात्र त्या तारखेनंतर मुदत संपणारे रोखे सापडले आणि फसवणुकीबद्दल त्याला शिक्षा झाली. अमेरिकेतल्या रेडिओवरच्या हॅरॉल्ड कॅम्पिंगने 21 मे 2011 ही तारीख दिली, जगभर फलक लावले. तो दिवस गेला तेव्हा 21 ऑक्टोबर दिली. तीही गेली. 2012 मध्ये त्याने आपली चूक झाल्याचं मान्य केलं. तो प्रामाणिक होता, असं मानलं तरी त्याच्या शब्दावर पैसे घालवलेल्यांचे पैसे काही परत आले नाहीत.

आणि हे फक्त ख्रिस्ती लोकांचं आहे असं समजू नका. घरी आजोबांना ‘अष्टग्रही’ विचारा. फेब्रुवारी 1962 मध्ये ग्रह एका राशीत येणार म्हणून देशभर यज्ञ झाले, लोकांनी धसका घेतला होता. 21 डिसेंबर 2012 ला माया संस्कृतीचं कॅलेंडर संपणार म्हणून आपण स्वतः चौथी-पाचवीत असताना घाबरलो होतो. मी तर त्या दिवशी गृहपाठ केला नव्हता. दुसऱ्या दिवशी छडी खाल्ली.

बायबल तारखेबद्दल काय म्हणतं?

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 24 व्या अध्यायात येशू स्वतः सांगतो, की तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, देवदूतांनाही नाही. एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना तारखा येतात कशा? बहुतेक जण म्हणतात, “दिवस माहीत नाही, पण ऋतू तर ओळखता येतो ना!” मग युद्ध, भूकंप, पूर अशा खुणा मोजल्या जातात. 2025 चा सप्टेंबर आठवा. मराठवाड्यात अतिवृष्टी, सोयाबीन पाण्याखाली, रस्ते तुटलेले. अशा वेळी कोणी शेवट आला म्हटलं, तर ज्याचं शेत वाहून गेलंय त्याला ते खोटं कसं वाटावं?

गंमत म्हणजे थेस्सलनीकाच्या मंडळीतही काही जण काम न करता बसून राहिले होते. प्रभू येणारच आहे तर राबायचं कशाला, असं त्यांना वाटत होतं असा अनेकांचा अर्थ. दुसऱ्या पत्रात पौलाने त्यांना चांगलंच सुनावलंय: काम करायचं नसेल तर खाऊही नका. म्हणजे आज फॉर्म न भरणाऱ्यांसाठीचं उत्तर त्याच माणसाने दोन हजार वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय.

आपल्याच राज्यातलं उदाहरण हवं असेल, तर केडगावला जा. 1905 मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मोठी धार्मिक जागृती झाली. त्या काळात जगभर अशा ज्या घटना घडत होत्या, त्यांच्याकडे अनेक ख्रिस्ती लोक शेवटच्या काळाची खूण म्हणून बघत होते. पण मुक्ती मिशनमधल्या बायकांचं विणकाम, छपाई, शेती थांबली नाही. रमाबाई तर 1922 मध्ये जाईपर्यंत हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करत होत्या. जग उद्याच संपणार म्हणून बसणारा माणूस इतकी वर्षं खपून भाषांतर करेल का?

24 सप्टेंबरची सकाळ

23 सप्टेंबर हा नवरात्राचा दुसरा दिवस होता. गल्लीत देवीची गाणी लागली होती. मैत्रीण आईबरोबर रात्रभर जागी होती. सकाळी मी गेले तेव्हा ती उंबऱ्यात बसलेली. रडत नव्हती, पण बोलतही नव्हती. मला वाटलं होतं तिला सुटल्यासारखं वाटेल. तसं काही नव्हतं. “मीच सोडून दिल्यासारखं वाटलालंय,” एवढंच म्हणाली. मग मला माझ्या मीमची लाज वाटली.

दुपारी आम्ही दोघी त्यांच्या प्रार्थनागृहातल्या पास्टरांकडे गेलो. छोटी पत्र्याची खोली, भिंतीला टेकवलेल्या चटया. मला वाटलं ते तारखेचं समर्थन करतील. ते म्हणाले, “बेटा, प्रभू येणार हे मी मानतो. आज संध्याकाळी आला तरी मला आनंदच आहे. पण बाहेर माझी गाडी उभी आहे ना, तिचा इन्शुरन्स मी मार्चपर्यंत भरलाय. दोन्ही खरं आहे.” मग तिला विचारलं, “फॉर्मचे पैसे आहेत का अजून? मग उठ.”

विलंब शुल्क लागलं. ते तिच्या वडिलांना सांगायची हिंमत आम्हाला झाली नाही, आम्ही दोघींनी मिळून भरलं. वडिलांनी पोती उचलून मिळवलेल्या पैशांत ते आणखी कशाला, असं ती म्हणाली. माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणातली हीच किंमत होती. तारीख सांगणाऱ्याने ती भरली नाही. त्याने तर पुढे ऑक्टोबरमधली नवी तारीख काढली. ती पण गेली.

तुमच्या मोबाइलवर अशी तारीख पुन्हा येईल, तेव्हा श्रद्धेवरून कोणाला टोमणा मारायच्या आधी त्याला दोनच गोष्टी विचारा. हे सांगणारा स्वतः त्या तारखेनंतरचे पैसे कुठे ठेवतोय? आणि ही तारीख ऐकून तू काय करायचं सोडलंस? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर काळजी नाही. ‘फॉर्म’, ‘गोळ्या’, ‘नोकरी’ असं काही असेल, तर त्याच्यासोबत बसा. मीम नंतर करता येईल.

परवा मैत्रिणीने मला एक नवी रील पाठवली. नवीन माणूस, नवीन तारीख. खाली तिने लिहिलं होतं, “बघ, परत आलं. या वेळी फॉर्म आधीच भरलाय.”