सात गाभे, एक झोका

खिडकीच्या दोन गजांना एक दोरी जरा सैल बांधायची आणि तिला वीतभर अंतरावर दोन सारखी कुलुपं, सारख्याच लांबीच्या दोऱ्याने टांगायची. एका कुलपाला झोका दिला की हळूहळू दुसरंही हलू लागतं. थोड्या वेळाने पहिलं जवळजवळ थांबतं, सगळा झोका दुसऱ्याकडे गेलेला असतो. मग उलटा प्रवास सुरू. मल्टिकोअर फायबरमध्ये प्रकाश हाच खेळ खेळतो, फक्त तिथे दोरीच्या जागी काच असते.

नेहमीच्या ऑप्टिकल फायबरची काच १२५ मायक्रॉन जाडीची, केसाहून थोडी जाड. तिच्या मधोमध आठ-नऊ मायक्रॉनचा गाभा असतो. या धंद्यातले लोक त्याला कोअरच म्हणतात. गाभ्यातून प्रकाश वाटेल तसा जात नाही, त्याला मानवणाऱ्या ठरावीक आकृत्यांमध्येच पुढे सरकतो. या आकृत्या म्हणजे मोड. गाभा जाड असेल तर मोड अनेक, पुरेसा बारीक असेल तर एकच. शिवाय प्रकाश गाभ्यात पुरता मावतही नाही. त्याची पुसट कड भोवतालच्या काचेत, म्हणजे क्लॅडिंगमध्ये, पसरलेली असते. सगळी गंमत या कडेत आहे.

मल्टिकोअर फायबरमध्ये असे गाभे एकाहून अधिक असतात. शेजारचा गाभा किती लांब ठेवायचा, यावर पुढचं सारं ठरतं. दूरसंचारवाल्यांना तो लांबच हवा. स्टरलाइट टेक्नॉलॉजीज, म्हणजे एसटीएल, या कंपनीने २०२३ मध्ये भारतातलं पहिलं मल्टिकोअर फायबर 'मल्टिव्हर्स' बाजारात आणलं; ते घडलं महाराष्ट्रातल्याच संशोधन केंद्रात. त्यातले चार गाभे चार वेगळे संदेश नेतात. एकाचा प्रकाश दुसऱ्यात झिरपला, तर चाळीत शेजारच्या खोलीतला टीव्ही ऐकू यावा तशी अडचण.

लेसरवाल्यांना मात्र नेमकी हीच झिरप हवी असते. एकाच बारीक गाभ्यात फार ताकद कोंबली की काच तापते आणि प्रकाश स्वतःच बिघडू लागतो. गाभा रुंद करावा, तर नको ते मोड घुसतात आणि झोत फिसकटतो. मग सात बारीक गाभे जवळजवळ बसवायचे: एक मध्ये, सहा भोवती. कडा एकमेकींत मिसळल्या की सात गाभ्यांचे सात सामाईक मोड तयार होतात, त्यांना सुपरमोड म्हणतात. एकात सगळ्यांचा झोका एका लयीत, बाकीच्यांत काही पुढे तर काही मागे. लय जुळली की सातही लाटांचे माथे दूरच्या पडद्यावर मधोमध एकत्र येतात आणि तिथली तीव्रता एकट्या गाभ्याच्या सातपट नव्हे, ४९ पट होते. ऊर्जा फुकट मिळालेली नसते. ती आजूबाजूची गोळा होऊन मध्ये आलेली असते.

अमेरिकेत पीटर चिओ आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये यटर्बियम मिसळलेल्या सात गाभ्यांच्या फायबरमधून असा एकलयीचा झोत दाखवला. हवा तोच सुपरमोड निवडायची एक युक्ती म्हणजे टोकापासून नेमक्या अंतरावर आरसा ठेवणं. लयीतला प्रकाश परतताना पुन्हा बरोबर गाभ्यांवर पडतो, बाकीचा वाया जातो. यामागचा परिणाम १८३६ मध्ये टॅल्बटने नोंदवला होता. हो, छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, तोच टॅल्बट!

गाभ्यांमधल्या प्रकाशाच्या देवाणघेवाणीवर तापमानाचाही परिणाम होतो. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या वर्णपटातली शिखरं सरकतात आणि तेवढ्यावरून तापमान वाचता येतं. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये असा सेन्सर १००० अंश सेल्सिअसपर्यंत चालवून दाखवला.

स्वतःचा आकार ओळखणाऱ्या फायबरमध्ये गाभे पुन्हा एकमेकांपासून लांब. फायबर वाकलं की बाहेरच्या बाजूचा गाभा ताणला जातो, आतला आखडतो. मध्यापासून ३५ मायक्रॉनवरचा गाभा एक मीटर त्रिज्येच्या वळणात दहा लाख भागांत जेमतेम ३५ भाग लांबतो, आणि परतणाऱ्या प्रकाशावरून तेवढंही कळतं. असंच आकार ओळखणारं फायबर वापरणाऱ्या, इन्ट्यूटिव्ह सर्जिकलच्या 'आयन' यंत्राला २०१९ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. त्याची साडेतीन मिलिमीटरची नळी फुप्फुसाच्या फांद्यांमधून संशयित गाठीपर्यंत जाते. नमुना घेण्यासाठी सुई घालायची, तर आधी कॅमेरा बाहेर काढावा लागतो. त्यानंतर नळी आत कशी वळली आहे, हे फायबर सांगत राहतं.