हुकूमशहाच्या खेळातील औदार्य

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतील ‘आर्थिक मनुष्य’ हा केवळ स्वहित जाणणारा प्राणी होय. प्रयोगशाळेत मात्र माणसे उदार ठरली, असे गेल्या चार दशकांत वारंवार सांगण्यात आले आहे. हा पुरावा नेमके काय सिद्ध करतो, हे तपासून पाहणे अवश्य आहे.

आरंभ जर्मनीत झाला. व्हेर्नर ग्यूथ व त्यांचे दोन सहकारी यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाने रकमेची वाटणी सुचवावयाची व दुसऱ्याने ती स्वीकारावयाची किंवा नाकारावयाची, अशी योजना होती. नाकारल्यास दोघांच्याही हाती काही पडत नसे. स्वहिताच्या गणिताप्रमाणे पहिल्याने नाममात्र रक्कम देऊ करावी व दुसऱ्याने तीही मुकाट्याने घ्यावी. प्रत्यक्षात प्रस्ताव बरेच सढळ निघाले. परंतु हे औदार्य म्हणावे की नकाराची धास्ती, याचा निवाडा या रचनेत होणे शक्य नव्हते. म्हणून पुढील प्रयोगांत दुसऱ्याचा नकाराधिकारच काढून घेण्यात आला. या प्रकाराला ‘हुकूमशहाचा खेळ’ हे नाव पडले. १९८६ मध्ये कानेमन, नेच व थेलर यांनी विद्यार्थ्यांपुढे दोनच पर्याय ठेवले: वीस डॉलरांपैकी अठरा स्वतःस व दोन अनोळखी सहाध्यायास, अथवा दोघांस दहा-दहा. शेकडा ७६ जणांनी समान वाटणी पत्करली.

क्रिस्टोफ एंगेल यांनी २०११ मध्ये अशा शंभराहून अधिक प्रयोगांचे फलित एकत्र मांडले, तेव्हा दिलेला वाटा सरासरीने शेकडा २८ भरला. हा आकडा फार उद्धृत होतो. पण त्याच संकलनात शेकडा ३६ जणांनी काहीच दिले नव्हते व सुमारे १७ जणांनी बरोबर निम्मे दिले होते, हे सहसा सांगितले जात नाही. सरासरीएवढे देणारा माणूस हा बव्हंशी कागदावरचाच माणूस आहे.

एलिझाबेथ हॉफमन व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये कोणी किती दिले हे प्रयोगकर्त्यासही कळू नये, अशी तजवीज केली. पाकिटांत नोटांबरोबर तेवढेच कोरे कागद घातलेले असत, त्यामुळे परत आलेल्या पाकिटाच्या जाडीवरून काही ताडता येत नसे. काही पाकिटांत तर नुसते कोरे कागदच होते. अशा आडोशाआड सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी काहीही दिले नाही.

याहून मूलगामी शंका जॉन लिस्ट यांच्या २००७ च्या प्रयोगातून उद्भवते. नेहमीच्या खेळात दहांपैकी सुमारे सात जण काही ना काही देत होते. दुसऱ्याच्या पदरचा एक डॉलर काढून घेण्याची मुभा मिळताच देणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. येथे जुना एकही पर्याय रद्द झालेला नव्हता. ज्याला पूर्वी काहीच न देण्यापेक्षा दोन डॉलर देणे श्रेयस्कर वाटले, त्याला केवळ एक नवा पर्याय दिसल्याने काहीच न देणे श्रेयस्कर का वाटावे? निवड केवळ फलितावर अवलंबून असते, हे गृहीतक येथे टिकत नाही. पर्यायांच्या पंक्तीत ‘काही न देणे’ शेवटी असेल तर ते कृपणतेचे दिसते; ते मध्यभागी सरकले की सभ्य भासू लागते.

यावरून ‘आर्थिक मनुष्य’च अखेर खरा ठरला, असे मानण्याची घाई काहींनी केली आहे. ती अनाठायी आहे. जेसन डाना, डेलियन केन व रॉबिन डॉज यांनी २००६ मध्ये दहा डॉलरांची वाटणी ठरवून घेतल्यावर सहभागी व्यक्तीस आणखी एक मार्ग देऊ केला: नऊ डॉलर घेऊन खेळातून बाहेर पडावे, दुसऱ्यास अशी काही वाटणी होणार होती हे कधीच कळणार नाही. निव्वळ स्वार्थी मनुष्याने दहा डॉलर ठेवून घेतले असते. खऱ्या परोपकाऱ्याने त्यांतील काही दिले असते. दोघांच्याही दृष्टीने नऊ घेणे वेडेपणाचे होय. तरीही सुमारे एक-तृतीयांश लोकांनी नऊच घेतले, म्हणजे दुसऱ्याच्या अपेक्षेला तोंड द्यावे लागू नये म्हणून एका डॉलरवर पाणी सोडले. पैसे कोठून आले हे दुसऱ्यास कोणत्याही परिस्थितीत समजणार नाही, अशी योजना केली तेव्हा मात्र नऊ डॉलर घेऊन बाहेर पडणारा क्वचितच आढळला.