२७ मिनिटांचा बॅकअप, ४४ तासांचं रिस्टोअर

गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याचा वजनकाटा रात्रंदिवस चालतो. बीड जिल्ह्यात तेलगावला जा किंवा आनंदगाव सारणीला, काट्यावर आलेल्या प्रत्येक गाडीमागे संगणकात एक नोंद पडते: शेतकऱ्याचं नाव, गट, उसाची जात, तोडणीची टोळी, वाहतूकदार, भरलेलं वजन, रिकामं वजन. ऊसबिल याच नोंदींवरून निघतं आणि मुकादमाचा हिशेबही याच नोंदींवरून होतो. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यावे लागतात, उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के दराने व्याज. हंगामाच्या मध्यावर सर्व्हर बंद पडला तर बॅकअप आहे एवढं ऐकून कोणाचंच समाधान होणार नाही. काटा पुन्हा किती तासांत सुरू होईल, ते सांगावं लागेल.

माजलगाव-गेवराईकडच्या जिनिंगवाल्यांनाही हेच लागू आहे, आणि पतसंस्था, मोंढ्यातली आडत, खासगी दवाखाने यांनाही. या सगळ्यांना आता बॅकअपसोबत ‘डीडुप्लिकेशन’ (थोडक्यात ‘डीडुप’) विकलं जातं. तंत्रज्ञान चांगलं आहे, लहान व्यवसायाला परवडणारंही आहे. पण त्याच्याभोवती जे समज पसरलेत, त्यातले काही संकटाच्या दिवशी फार महागात पडतील असे आहेत.

आधी ते चालतं कसं ते पाहू. डीडुप्लिकेशनचं सॉफ्टवेअर फाइलचे छोटे तुकडे करतं, साधारण काही किलोबाइटपासून एखाद-दोन मेगाबाइटपर्यंतचे. प्रत्येक तुकड्यावर गणित करून त्याचा एक ठसा काढतं. तोच ठसा साठ्यात आधीपासून असेल तर तुकडा पुन्हा साठवत नाही, फक्त ‘तो तुकडा इथे वापरला आहे’ अशी नोंद ठेवतं. ठशावरूनच साठवण करण्याची ही पद्धत बेल लॅब्समधल्या शॉन क्विनलन आणि शॉन डॉरवर्ड यांनी २००२ मध्ये ‘व्हेंटी’ या प्रणालीत मांडली. पुढे डेटा डोमेन या कंपनीने बॅकअपच्या बाजारात ती रुजवली, आणि २००९ मध्ये ईएमसीने ती कंपनी सुमारे २१० कोटी डॉलरना विकत घेतली. आज बॉर्ग, रेस्टिक, कोपिया ही मोफत सॉफ्टवेअरंही हेच काम करतात. त्यामुळे ‘हे फक्त मोठ्या कंपन्यांसाठी’ हा समज एका वाक्यात निकालात निघतो.

‘डीडुप लावलं की सगळंच वेगवान होतं’

सर्वांत जास्त पसरलेला आणि सर्वांत घातक समज हाच.

हिशेब करून पाहू. समजा कारखान्याच्या सर्व्हरवर ४०० जीबी डेटा आहे आणि रोज त्यातला एक टक्का, म्हणजे ४ जीबी, बदलतो. इंटरनेट २० एमबीपीएसचं आहे. सगळा डेटा बाहेरच्या सर्व्हरवर पाठवायचा तर जवळपास ४४ तास लागतील, म्हणजे रोजचा बॅकअप अशक्यच. डीडुप्लिकेशनमुळे फक्त बदललेले तुकडे जातात, आणि ४ जीबीला २७ मिनिटं पुरतात. वीज आणि लाइन या दोन्हींचा भरवसा नसलेल्या गावात हा फायदा फार मोठा आहे. रात्री दोन तास लाइन टिकली तरी काम झालं.

आता उलट बाजू. सर्व्हर जळाला आणि नवा आणला, तर त्या नव्या यंत्रावर एकही तुकडा नाही. त्याला सगळे ४०० जीबी हवेत. त्याच लाइनवरून ते यायला पुन्हा ४४ तास. रोज २७ मिनिटांत होणारं काम पाहून मालकाच्या मनात जो विश्वास तयार झालेला असतो, त्याचा डेटा परत मिळण्याच्या, म्हणजे रिस्टोअरच्या, वेळेशी काहीच संबंध नाही.

जवळच्याच खोलीत डिस्कवर प्रत ठेवली तर? बरंच सुधारतं. साध्या गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला १०० मेगाबाइट मिळाले तर ४०० जीबी तासाभरात येतात. पण इथे डीडुप्लिकेशनचा स्वभाव आडवा येतो. आजच्या फाइलचे काही तुकडे आज लिहिलेले असतात, काही गेल्या महिन्यात, काही दिवाळीत. ते डिस्कवर विखुरलेले असतात आणि फिरणाऱ्या डिस्कला प्रत्येक ठिकाणी उडी मारून जावं लागतं. अशी डिस्क सेकंदाला साधारण १०० उड्या मारते. प्रत्येक उडीला ८ किलोबाइटचा एकच तुकडा मिळाला तर ४०० जीबी वाचायला साडेपाच दिवसांहून अधिक लागतील. प्रत्यक्षात इतकी वाईट वेळ येत नाही, कारण चांगलं सॉफ्टवेअर शेजारचे तुकडे एकत्र बांधून ठेवतं आणि गठ्ठ्याने वाचतं. तरीही साठा जुना होत जातो तसा हा विस्कळीतपणा वाढतो, आणि नेमका सर्वांत ताजा बॅकअप, जो आपल्याला हवा असतो, तोच बहुधा सर्वांत जास्त विखुरलेला असतो. म्हणून माझं ठाम मत असं आहे की शेवटच्या एक-दोन दिवसांची प्रत डीडुप न करता, सलग, जवळच्या डिस्कवर ठेवावी आणि महिन्यांचा इतिहास डीडुपच्या साठ्यात जाऊ द्यावा. एका जादा डिस्कचा खर्च होतो, पण हंगामातला एक दिवस बंद पडण्यापेक्षा तो कितीतरी कमी आहे.

‘वीसास एक म्हणजे दहास एकच्या दुप्पट चांगलं’

विक्रेते हे प्रमाण मोठ्या अक्षरात छापतात. दहास एक म्हणजे ९० टक्के जागा वाचली, वीसास एक म्हणजे ९५ टक्के, पन्नासास एक म्हणजे ९८. आकडा पाचपट होतो तेव्हा बचत ८ टक्क्यांनीच वाढते. शिवाय हे प्रमाण तुम्ही किती दिवसांच्या प्रती ठेवता यावर अवलंबून असतं. वरच्याच उदाहरणात ३० दिवसांचे पूर्ण बॅकअप म्हणजे १२,००० जीबी. साठ्यात मात्र पहिल्या दिवसाचे ४०० आणि पुढच्या २९ दिवसांचे ४-४ असे ५१६ जीबी. प्रमाण तेवीसास एक! एकाच दिवसाचा बॅकअप ठेवला असता तर हेच यंत्र फारशी बचत दाखवू शकलं नसतं.

‘आधी झिप करा, मग बॅकअप घ्या’

टॅलीचा फोल्डर रोज झिप करून, तारीख टाकून पेन ड्राइव्हवर ठेवायची सवय आपल्याकडे खूप जुनी आहे. पेन ड्राइव्हपुरती ती ठीक, डीडुप्लिकेशनसाठी मारक. झिपमध्ये एका ठिकाणी थोडं बदललं की पुढचे बाइट वेगळे होतात, ठसे जुळत नाहीत आणि रोजचा झिप नवाच डेटा ठरतो. पासवर्डने कुलूपबंद केलेल्या फाइलचंही तेच. क्रम असा हवा: आधी डीडुप, मग दाब (कॉम्प्रेशन), मग कुलूप. हे तिन्ही बॅकअपच्या सॉफ्टवेअरलाच करू द्यावं.

यातूनच एक उपयोगी गोष्ट निघते. रॅन्समवेअर फाइली कुलूपबंद करतं, म्हणजे त्या रात्री त्या फाइलींचे जुने ठसे जुळत नाहीत. रोज ४ जीबी वाढणारा साठा अचानक ३०० जीबीने वाढला तर तो धोक्याचा इशारा आहे. बॅकअपचा रोजचा आकडा वहीत लिहिणारा एक माणूस अशा वेळी महागड्या सॉफ्टवेअरइतका उपयोगी ठरतो.

‘ठसे चुकून जुळले तर माझा डेटा दुसऱ्याचा होईल’

ही भीती मात्र सोडून द्यावी. २०१७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने आणि गुगलने ‘शा-१’ या जुन्या पद्धतीत दोन वेगळ्या फाइलींचा एकच ठसा काढून दाखवला होता, तोही मुद्दाम आणि प्रचंड गणनशक्ती खर्चून. आजची सॉफ्टवेअरं बहुधा ‘शा-२५६’ किंवा त्याच तोडीची पद्धत वापरतात. तिथे योगायोगाने ठसा जुळण्याच्या कितीतरी आधी तुमची डिस्क खराब होईल.

आणि खरा धोका डिस्क खराब होण्याचाच आहे. एकच तुकडा शंभर दिवसांच्या प्रतींमध्ये वापरलेला असेल आणि तोच वाचता आला नाही, तर त्या तुकड्यावर उभी असलेली फाइल शंभरही दिवसांच्या प्रतींत बिघडते. डीडुपच्या साठ्यात ३० तारखा दिसतात म्हणून आपल्याकडे ३० प्रती आहेत असं समजू नये. ती एकच प्रत आहे. दुसरी वेगळ्या डिस्कवर हवी, तिसरी वेगळ्या गावी. जुलै १९८९ मध्ये बिंदुसरा नदीचा पूर बीड शहरात शिरला होता. ३० ऑक्टोबर २०२३ ला माजलगाव नगरपरिषदेची इमारत जाळपोळीत सापडली. पूर आणि आग सर्व्हर आणि शेजारच्या कपाटातली डिस्क यांत फरक करत नाहीत. बीडची प्रत अंबाजोगाईला किंवा छत्रपती संभाजीनगरला ठेवता येते, आणि डीडुप्लिकेशनमुळे रोजचा बदल तिथवर पाठवणं आता साध्या लाइनवरही जमतं.

यातली एक तरी प्रत काढून ठेवलेली, तारेने न जोडलेली असावी. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेच्या सूचना दिल्या, त्यांतही ऑफलाइन प्रतीचा आग्रह आहे. जुलै २०२४ मध्ये सी-एज या तंत्रज्ञान कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला तेव्हा देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे व्यवहार अडकले होते. तुमच्या बँकेची किंवा पतसंस्थेची यंत्रणा बाहेरची कंपनी सांभाळत असेल, तर बॅकअप घेता का, एवढ्यावर थांबू नका. शेवटचं रिस्टोअर कधी करून पाहिलं आणि किती वेळ लागला, हे लेखी मागा. कायद्याची अपेक्षाही तीच आहे. जीएसटीच्या नियम ५७ प्रमाणे नोंदी नष्ट झाल्यास वाजवी वेळेत परत उभ्या करता येतील असा बॅकअप ठेवावा लागतो, आणि कंपन्यांसाठी ऑगस्ट २०२२ पासून हिशेबाच्या पुस्तकांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर असणं बंधनकारक आहे.

चाचणी अवघड नाही. हंगाम संपल्यावर एखादा मोकळा रविवार घ्या, वेगळा रिकामा संगणक घ्या. मूळ सर्व्हरला हात न लावता कालचा बॅकअप त्यावर उतरवा, सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहा. मग सॉफ्टवेअर उघडून एकूण गाळप, ताळेबंद, एखाद्या गावाची ऊसबिलं छापील कागदाशी ताडून पाहा. फाइली आल्या पण सॉफ्टवेअरचा परवाना सापडला नाही, डेटाबेसचं व्हर्जन जुळलं नाही, असं पहिल्या वेळी बऱ्याच ठिकाणी होतं. ते रविवारी झालेलं बरं. बॅकअपच्या साठ्याचा पासवर्डही त्याच दिवशी कागदावर लिहून तिजोरीत ठेवावा आणि दुसऱ्या गावच्या प्रतीच्या जबाबदार माणसाकडेही द्यावा. रेस्टिकसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तो हरवला तर डिस्क शाबूत असूनही एक अक्षर कोणालाच परत काढता येत नाही.